ला फ्लेशचे विद्यालय आणि ‘मी’

फ्रान्समधील ला फ्लेश हे गाव तसे लहानच. परंतु आत्मविचाराच्या इतिहासात त्याचे स्थान विलक्षण आहे. सर्वच गोष्टींविषयी संशय घेतला तरी संशय घेणारा ‘मी’ उरतोच, असे १६३७ मध्ये प्रतिपादणारा देकार्त तेथील जेझुइट विद्यालयाचा विद्यार्थी. पुढे १७३५ ते १७३७ या काळात त्याच गावी राहून ह्यूमने आपला ग्रंथ बराचसा लिहिला आणि त्या ‘मी’लाच सुरुंग लावला. अंतरंगात डोकावले असता संवेदनांचा पुंज तेवढा आढळतो. त्यांचा धनी कोठेच सापडत नाही, असे त्याचे म्हणणे. ‘मिलिंदप्रश्ना’त भिक्षू नागसेन यवन राजाला रथाच्या दृष्टान्ताने हेच पटवितो: चाक, आस, जू यांपैकी एकही रथ नव्हे, आणि त्यांवेगळा रथही नाही.

मग ह्यूमला हा विचार पूर्वेकडून मिळाला काय? गोव्यास उतरून ल्हासापर्यंत गेलेला व तिबेटी शून्यवाद अभ्यासलेला देसिदेरी १७२७ मध्ये या विद्यालयात येऊन गेला होता. ॲलिसन गॉप्निक यांनी २००९ मध्ये हा धागा पुढे आणला. पुरावा मात्र परिस्थितिजन्यच. शिवाय साम्य अर्धेच आहे. नागसेनाला ‘मी’च्या अभावात दुःखमुक्तीची वाट दिसते, ह्यूम असल्या चिंतनाने खिन्न होतो आणि मित्रांसह सोंगट्या खेळावयास बसतो.