राब, राख आणि मातीतला कर्ब

मंडळी, सेंद्रिय कर्ब हा शब्द आज मृदा आरोग्य पत्रिकेमुळे गावोगाव पोचलाय. पण मावळात कर्बाचा इतिहास पाहायचा, तर सुरुवात राबापासून करावी लागते.

राब म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. भाताचं रोप जिथं तयार करायचं त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांचे टहाळे, गवत, पालापाचोळा यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि सगळं सावकाश जळू द्यायचं. लोणावळ्याचा घाटमाथा असो की खालचं कोकण, पद्धत तीच.

यावरून मोठं भांडण झालं. टहाळे यायचे जंगलातून, आणि जंगल सरकारनं राखीव करायला घेतलं होतं. मुंबई सरकारनं 1885 मध्ये वन आयोग नेमला, तेव्हा ठाणे-कुलाब्यातला राबाचा हक्क हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. वनखात्याला राब म्हणजे नासाडी वाटायची. शेतकऱ्याचं म्हणणं एकच: राब नाही, तर रोप नाही.

1912 मध्ये हॅरोल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर शास्त्रीय निबंध छापला. मॅन तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अडाणीपणा म्हणून सोडून न देता राबाचा अभ्यास झाला, हे महत्त्वाचं. माती तापली की तणाचं बी मरतं, सेंद्रिय पदार्थातलं नत्र रोपाला घेता येईल अशा रूपात मोकळं होतं, वर राखेतलं पालाश मिळतं. म्हणजे रोपापुरता शेतकऱ्याचा हिशोब बरोबर होता.

पण त्या हिशोबाची दुसरी बाजू राहिली. डोंगरावरचा पाला खाचरात कुजला असता, तर त्यातला थोडा कर्ब मातीत टिकला असता. जाळल्यावर बहुतेक हवेत गेला.

ही बाजू मांडायला स्वस्त मोजमाप हवं होतं. ते 1934 मध्ये वॉकली आणि ब्लॅक यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला दिलं. थोडी माती घ्यायची, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं. किती डायक्रोमेट खर्च झालं त्यावरून कर्ब काढायचा. आपल्याकडं आजही बहुतेक प्रयोगशाळांत हेच चालतं. गंमत बघा, या पद्धतीत कोळशातला कर्ब नीट पकडला जात नाही. राबाच्या जागेवरचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा.

आता आकडा. 0.5 टक्क्याखाली कर्ब कमी, 0.75 च्या वर जास्त, असं साधारण मानतात. एक हेक्टर जमिनीचा वरचा 15 सेंटीमीटरचा थर जवळपास 2,000 टन भरतो. म्हणजे कर्ब फक्त 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर हेक्टरी 2 टन कर्ब मातीत टिकून राहायला हवा. टाकलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब जिवाणू खाऊन हवेत सोडतात. त्यामुळं एका हंगामात कर्ब दुप्पट करतो म्हणणाऱ्यापासून जरा जपून.

मग उपाय? ते याच पट्ट्यात घडलेत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातात भाताचे अवशेष शेतातच परत जातात आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडतात, जाळत नाहीत. घाट उतरून गेलं की नेरळ. तिथल्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफे कायम ठेवायचे आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यात राबाची गरजच उरत नाही.

शेवटचं सांगतो आणि प्रश्नांकडं वळू. नमुना दरवेळी त्याच खाचरातून, तेवढ्याच खोलीवरून आणि त्याच महिन्यात घ्या. तीन-चार वर्षांचे कागद जपून ठेवा. एक कागद फक्त आजची स्थिती सांगतो. माती सुधारतेय की खंगतेय, हे कागदांची रांग सांगते. शंभर वर्षांपूर्वी मावळातल्या शेतकऱ्याकडं ही रांग नव्हती. आपल्याकडं असू शकते.