निळीचा वंशज आणि प्लॅटिनमचा पत्रा

मंडळी, नांदगावात ‘ॲनिलिन’ म्हटलं तर कुणाला ओळखीचं वाटणार नाही. पण हा शब्द आपल्याच निळीचा वंशज. नीळ अरबांकडे ‘अन्-नील’ झाली, पोर्तुगीजांकडे ‘अनील’. १८२६ मध्ये उन्फरडॉर्बेन यांनी नीळ तापवून एक तेलकट द्रव मिळवला. १८४० मध्ये फ्रिट्शे यांनी त्याला ॲनिलिन हे नाव दिलं.

आता १८६२ चं लंडन पाहू. हेन्री लेथबी हे रसायन आणि विषशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ॲनिलिन सल्फेटच्या द्रावणात प्लॅटिनमचे पत्रे बुडवून बॅटरी जोडली. धन पत्र्यावर गडद निळा-हिरवा थर धरला. पत्र्यानं ॲनिलिनच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन काढून घेतले होते. यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. मग ते रेणू एकमेकांत गुंफून त्यांची साखळी झाली. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं इथं जरा थांबतो: इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा! लेथबींना रंग दिसला, कारण दिसणं शक्यच नव्हतं.

त्या थराला आज पॉलिॲनिलिन म्हणतात, आणि तो वीज वाहतो. वीजवाहक बहुवारिकांना २००० साली नोबेल मिळालं, ते असो.

आपल्या कोकणात १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑर्गेनिक केमिकल्सनं पुढे रसायनीला नायट्रोबेन्झिन आणि ॲनिलिन बनवलं. ही दोन्ही द्रव्यं कातडीतूनही अंगात भिनतात, म्हणून ती हाताळणाऱ्या कामगाराचे ओठ बघायचे असतात. विषबाधेत ते निळसर पडतात. तो ॲनिलिनचा रंग नव्हे. तिथंही ऑक्सिडीकरणच होतं, पण रक्तात: हिमोग्लोबिनमधल्या लोहाचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि त्याला प्राणवायू धरता येत नाही.