प्रश्न कोणाकडे पाठवायचा?

जानेवारी २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील केर गावात तापाचे रुग्ण आढळू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीत तो ‘क्यासनूर वन रोग’, म्हणजेच माकडताप, असल्याचे निश्चित झाले. या रोगाचा विषाणू नवा नव्हता. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा पुण्याच्याच या संस्थेने (तिचे त्या वेळचे नाव विषाणू संशोधन केंद्र) तो शोधून काढला होता. २०१५ मध्ये दोडामार्गाला लागून असलेल्या गोव्यातील सत्तरी तालुक्यातही त्याची साथ आली होती.

हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. एका माणसाकडून दुसऱ्याला नाही. माकडांचे मरण ही त्याची पहिली सूचना. ती सूचना पुण्यातील संशोधकाला मिळत नाही. ती मिळते काजूच्या बागेत पातेरा गोळा करणाऱ्या बाईला, शाळेच्या वाटेवर असलेल्या मुलाला. मूल ती गोष्ट वर्गात सांगते. म्हणजे प्रयोगशाळा आणि रान यांमधला सर्वांत जवळचा दुवा विज्ञानशिक्षक हाच आहे. पण शिक्षकाने पुढे विचारायचे कोणाला?

शिक्षक आणि संशोधक यांना एकमेकांशी जोडण्याचा प्रयत्न आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच झाला आहे, तोही टपाल आणि एस.टी. यांच्या भरवशावर. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ सरकारी शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात शिक्षकांबरोबर बसले. दर महिन्याला शिक्षकांच्या बैठका होत. वर्गात न जमलेल्या प्रयोगांची तेथे चर्चा होई आणि शिक्षकांच्या अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तके पुन्हा लिहिली जात. मुलांनी आपले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्राने विचारावेत, अशीही सोय होती. सवालीराम उत्तर पाठवी. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात पोचला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. महाराष्ट्रातही १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे ग्रामीण शिक्षकांबरोबर असेच काम केले.

यानंतर साधने बदलली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ जाळ्याने संशोधन संस्थांचे संगणक जोडले, पण शाळा त्यात नव्हत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. आज फोन शिक्षकाच्या खिशात आहे आणि शिक्षकांचे गटही आहेत. त्यांवर परिपत्रके येतात, माहिती मागवली जाते, शुभेच्छा येतात. प्रश्न मात्र क्वचित येतो. आला तरी त्याचे उत्तर देणे हे कोणाचेच काम नसते.

यात आम्हा संशोधकांचाही दोष आहे. आम्ही २८ फेब्रुवारीला शाळेत येतो, व्याख्यान देतो आणि शेवटची गाडी पकडतो. सवालीरामाला हे चालले नसते. उत्तर देणारा ठरलेला हवा, वर्षातून काही वेळा प्रत्यक्ष भेट हवी आणि शिक्षकाच्या सांगण्यावरून आमच्या कामातही काही बदलायला हवे. होशंगाबादला हे तिन्ही होते, म्हणून तो समुदाय तीस वर्षे टिकला.

दोडामार्गसारख्या तालुक्यात याची सुरुवात एका वहीने करता येईल. मेलेले माकड दिसल्याचे मुलाने सांगितले, तर तारीख, जागा आणि काळ्या तोंडाचे वानर की लाल तोंडाचे माकड, एवढे लिहावे. कोणीही जवळ जाऊ नये, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पसरतात. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. मग तीच नोंद, मुलांच्या प्रश्नांसह, एखाद्या संशोधकाला पाठवावी आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये. आम्हाला त्याची सवय व्हायला हवी.