गॅसची नळी आणि पाटकरी



अपघातांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. माणसे मेली की पंचनामा होतो, भरपाईची रक्कम जाहीर होते आणि कागद दप्तरात बांधले जातात. आम्हां कामगार चळवळीतील लोकांना मात्र असली दप्तरे पुन्हा सोडून वाचण्याची सवय आहे. कारण दैवाच्या नावावर मांडलेल्या खर्चात कोणा माणसाने घेतलेला एखादा निर्णय बहुधा सापडतो. अमेरिकेतील लॉरेन्स शहराची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

लॉरेन्स हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले, मेरिमॅक नदीकाठचे जुने गिरणगाव. १० जानेवारी १८६० रोजी तेथली पेंबर्टन गिरणी चालू पाळीत कोसळली. तिचे ओतीव लोखंडाचे पोकळ खांब एका अंगाला जाड तर दुसऱ्या अंगाला पातळ असे सदोष ओतलेले होते. रात्री बचावकार्य चालू असता कंदील फुटून ढिगाऱ्याला आग लागली. सुमारे शंभर कामगार गेले. याच शहरात १९१२ साली वीस हजारांवर कामगारांनी संप करून मजुरीवाढ मिळवली. पुढे गिरण्या बंद पडल्या. आज तेथे डोमिनिकन प्रजासत्ताक, पोर्तो रिको अशा ठिकाणांहून आलेल्या कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे.

१३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी चारच्या सुमारास या वस्तीत आणि शेजारच्या अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर गावांत एकाएकी घरे पेटू लागली. काय घडले ते समजण्यासाठी गॅसची व्यवस्था थोडी पाहिली पाहिजे.

तेथे घरात येणाऱ्या गॅसचा दाब चौरस इंचाला जेमतेम अर्धा पौंड होता. मोठ्या वाहिनीतला जोरदार गॅस नियंत्रण केंद्रावर येतो आणि तेथली झडप त्याचा जोर मोडून तो वस्तीत सोडते. वस्तीत दाब किती आहे हे झडपेला एका बारीक नळीतून कळते. दाब घटला की झडप उघडते, वाढला की मिटते. माणसाचा हात लागत नाही, हेच या योजनेचे कौतुक.

त्या दिवशी कोलंबिया गॅस कंपनीच्या ठेकेदाराची टोळी ओतीव लोखंडाची जुनी वाहिनी बंद करून प्लास्टिकची नवी चालू करीत होती. दाब सांगणाऱ्या नळ्या मात्र जुन्या वाहिनीलाच जोडलेल्या राहिल्या. त्या हलवाव्यात असे टोळीच्या हाती दिलेल्या कागदांत लिहिलेलेच नव्हते. जुनी वाहिनी तोडताच तिच्यातला दाब उतरला. झडप समजली की वस्तीला गॅस पुरत नाही, आणि ती पूर्ण उघडली. घराघरांतल्या चुली आणि पाण्याचे बंब यांना तो जोर सोसेना. १३१ इमारतींचे नुकसान झाले, त्यांत पाच घरे पार नष्ट झाली. एका घराचे धुराडे अंगणातील मोटारीवर कोसळून आत बसलेला अठरा वर्षांचा तरुण मरण पावला. पन्नास हजारांवर लोकांना घरे सोडण्यास सांगण्यात आले.

दूर ओहायो राज्यातील कोलंबस शहरी कंपनीचा नियंत्रण कक्ष होता. चार वाजून चार मिनिटांनी तेथे धोक्याची सूचना पोहोचली. पण तेथून झडप बंद करण्याची सोयच नव्हती. लॉरेन्समध्ये माणसे जाऊन हाताने झडप बंद करीपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या प्रकरणाची चौकशी केली. कामाचा आराखडा परवानाधारक अभियंत्याने तपासलेला नव्हता. राज्याच्या कायद्यानेच गॅस कंपन्यांना तशी सूट होती, ती पुढे काढून घेण्यात आली. पण मंडळाने नोंदवलेली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. पूर्वी वाहिनीतला दाब काढून करावयाचे असे काम निघाले की दाबमापकावर नजर ठेवण्यासाठी एक जाणता तंत्रज्ञ नेमण्याची कंपनीची रीत होती. त्याचा टोळीशी थेट संपर्क असे. काटा हलला की तो उपाय करू शके. ही रीत पुढे बंद पडली. ती का बंद पडली, याचे कारण कंपनीने दिले नाही.

श्रोतेहो, कालव्याच्या पाण्यावर पाटकरी असतो. दारे लोखंडाची असली तरी कोणाच्या शेतात किती पाणी चालले आहे हे तो बांधावर उभा राहून पाहतो. पाटकऱ्याचा पगार वाचवला तर वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. ज्या दिवशी बिघडते त्या दिवशी रान वाहून जाते. लॉरेन्सला हेच घडले. यंत्राने आपले काम चोख केले, पण त्याला मिळालेली वर्दी खोटी होती, आणि ती खोटी आहे हे ओळखणारा माणूस तेथून काढलेला होता.

याच वर्षी जून महिन्यात त्याच राज्यातील नॅशनल ग्रिड या दुसऱ्या गॅस कंपनीने बाराशेच्या आसपास अनुभवी कामगारांना टाळेबंदीने बाहेर ठेवले होते. त्यांची संघटना सुरक्षिततेविषयी ओरडत होती, तेव्हा हा पगारवाढीचा डाव आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. लॉरेन्सनंतर त्यांचे बोलणे लोकांनी निराळ्या कानांनी ऐकले. जानेवारी २०१९ मध्ये ती टाळेबंदी उठली.

२०२० साली कोलंबिया गॅसने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तिला सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर दंड झाला आणि राज्यातला तिचा धंदा विकला गेला. एका तंत्रज्ञाचा पगार या रकमेशेजारी मांडून पाहावा.

आज मुंबई, ठाणे, पुणे येथे लाखो स्वयंपाकघरांत नळाने गॅस येतो. ही सोय चांगलीच आहे. आमच्या माताभगिनींचा सिलिंडरसाठीचा खोळंबा तिने वाचवला. पण आपल्या गल्लीत गॅसच्या वाहिनीचे काम निघाले, म्हणजे रस्ता पूर्ववत केव्हा होणार एवढेच विचारून थांबू नये. हे काम चालू असताना दाबाच्या काट्यापाशी कोण उभा आहे, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, हेही विचारावे. तो विचारण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाचा आहे, आणि त्याचे उत्तर स्पंदन झाल्यानंतर नव्हे, काम सुरू होण्यापूर्वी मिळाले पाहिजे.