सोलापूरचे शेठजी, कुर्ल्याची पद्मिनी आणि टाकीतला ऊस



वालचंद हिराचंद हे नाव आम्हा सोलापूरकरांच्या तोंडात इतके बसले आहे, की त्यामागचा माणूस विसरायला होतो. कॉलेजच्या पाटीवर नाव वाचायचे आणि पुढे जायचे! १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या गृहस्थांनी जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही धंद्यांत हात घातला, तोही इंग्रजांच्या राज्यात. मी शाळेत इतिहास शिकवत असे, तेव्हा जहाजांचा आणि विमानांचा उल्लेख पुस्तकात असायचा. मोटारीचा मात्र मला मुद्दाम सांगावा लागे.

मोटारींसाठी त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडण्यापासून झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली शेठजी गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण घेतले, की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्या नकोत. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर राहिली. १९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डी तयार होऊ लागली. हीच पुढे १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली.

या काळाला हसणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि इटलीने केव्हाच सोडून दिलेले मॉडेल आपण नवे म्हणून विकत घेत होतो. पण नाण्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. पस्तीस वर्षे एकच इंजिन राहिल्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मेस्त्रीलाही तिचे पोट पाठ झाले. शाळेत न गेलेल्या माणसांनी एक अख्खे शास्त्र हाताने शिकून घेतले.

त्या शास्त्राचा गाभा म्हणजे कार्ब्युरेटर. ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप आठवतो ना? हवा जोरात पुढे गेली की खालचे औषध वर ओढले जाते आणि तुषार उडतात. तसेच हे. मधे कमरेसारख्या आवळलेल्या नळीतून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पितळेच्या बारीक जेटमधून पेट्रोल ओढले जाते. दाब आणि वेगाचे हे नाते बर्नुलीने १७३८ मध्ये मांडले होते. शेजारच्या कपात पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवायला तरंगता फ्लोट असतो, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. वजनाने साधारण पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल हे प्रमाण जमले की गाडी खूश.

आमच्या ह्यांनी १९८६ मध्ये सेकंडहँड पद्मिनी घेतली. एकदा मे महिन्यात तुळजापूरला निघालो. गाडीत सात माणसे, आणि घाटात गाडी बंद! मागून येणाऱ्या ट्रकमधला मेस्त्री उतरला. म्हणाला, "बाई, पेट्रोल हाय, पण वर चढंना." पाण्याचा तांब्या मागितला, फडके भिजवून पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या त्या छोट्या पंपावर, गुंडाळले. दहा मिनिटांत गाडी सुरू. उन्हाने आणि चढाने पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती. पंप पातळ द्रव ओढतो, वाफ ओढत नाही.

पुढे त्याच माणसाकडून मी त्याचा क्रम वहीत उतरवून घेतला. आधी टाकीत काडी घालून पेट्रोल बघायचे, काट्यावर विश्वास नाही. मग टाकीच्या झाकणाचे भोक, ते बुजले तर हवा आत जात नाही आणि पेट्रोल अडते. मग कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून स्टार्टर मारायचा. पिचकारी उडाली तर पंप ठीक, नाही तर आतला पडदा फाटला असेल किंवा नळीत कचरा. पिचकारी आली तरी गाडी नाही, तर फ्लोटची सुई आणि जेट. जेट तोंडाने फुंकायचा, तार घालायची नाही! भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल पिते. शेवटी प्लग बघायचा : काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, बिस्किटी असेल तर बरोबर.

१८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता मुलांना घेऊन मोटारीने माहेरी निघाली, तेव्हा वाटेत तुंबलेली नळी तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. या विद्येचा पहिला मेस्त्री बाईच होती म्हणायची!

आता खरा पेच. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. यातले काही इथेनॉल उसाचे, आणि आपला जिल्हा कारखान्यांचा. माझ्या माहेरी ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा खेळतो आणि बिल वेळेवर येण्याची आशा राहते, हे मी नाकारणार नाही. पण तेच इथेनॉल जुन्या गाडीतले रबर फुगवते, पाणी शोषते आणि टाकीतला जुना गंज सोडवून जेटपर्यंत नेते. त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रणही पातळ पडते. सोलापूरच्या शेठजींची गाडी सोलापूरच्या उसाने खोकते आहे!

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमची मात्र शुक्रवार पेठेत उभी आहे. मुलगा म्हणतो, भंगारात दे. मी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पंपाचा नवा पडदा बसवून घेतला, जेट थोडा मोठा घातला. शेतकऱ्याचे इथेनॉलही राहावे आणि गाडीही, एवढी सोय करता येते. करणारा हात मात्र हवा.

तो हातच संपत चालला आहे. आमचा मेस्त्री ऐंशीच्या घरात आहे, त्याच्या मुलाचे मोबाईलचे दुकान आहे. राजेरजवाड्यांच्या बखरी आपण जपल्या, या माणसांनी मात्र काहीच लिहिले नाही. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याच्यापाशी बसून विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. माझी वही ज्यांना हवी असेल त्यांनी कळवा, झेरॉक्स काढून पाठवीन.