कृष्णधवल चित्रांतील कुंकू

आपल्या घरांतून जपून ठेवलेल्या पणजी-आजीच्या जुन्या छायाचित्रांत कपाळावरचे कुंकू पुष्कळदा काळेकुट्ट दिसते. त्याचे कारण छायाचित्रणाच्या इतिहासातच शोधावे लागते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. हे घराणे मूळचे गोमंतकातील मांद्र्याचे, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष सुखावील. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडिअनची पद्धत त्या सुमारास रूढ होत होती. काचेवर कोलोडिअनचा थर द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि थर ओला आहे तोवर चित्र घ्यावयाचे. या काचेस निळाजांभळा प्रकाश तेवढा कळे, तांबडा मुळीच कळत नसे. म्हणून आकाश कोरे पांढरे, आणि कुंकू, शेंदूर, देवळावरचा भगवा ध्वज सारे काळे. हळदीचीही गत तीच. पुढे १८७३ मध्ये जर्मनीत फोगेल याने काचेच्या थरात रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्याची जाण दिली. सर्व रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा सर्रास मिळावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

आजचा डिजिटल कॅमेरा तांबडा, हिरवा व निळा असे तिन्ही अंश टिपतो. चित्र कृष्णधवल करताना कोणता अंश किती घ्यावा, हे संगणकापुढे बसलेला ठरवितो. रूढ प्रमाण शंभरांत तांबडा ३०, हिरवा ५९ व निळा ११ असे आहे, कारण मानवी नेत्र हिरव्यास अधिक जाणतो. परंतु चित्र उठावदार व्हावे म्हणून पुष्कळजण तांबडा अंश वाढवितात. पूर्वी भिंगापुढे तांबडी काच लावून हेच साधीत. सिल्वासानजीकच्या सायलीत पावसाळा सरताना असे चित्र करून पाहावे: निळे आकाश गडद होते, पांढरे ढग उसळून येतात, चेहरे उजळतात. दीपमाळेस आणि पाषाणास हे शोभते, आमची तक्रार नाही.

माणसांच्या चित्रांत मात्र त्याची किंमत मोजावी लागते. केवळ तांबडा अंश घेतल्यास कुंकू कपाळाच्या उजळ कातडीत विरून जाते आणि सुवासिनीचे कपाळ मोकळे दिसते. पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणारी नात काय समजेल? केवळ निळा घेतल्यास नारायण दाजींच्या काळाप्रमाणे कुंकू काळे होते, आणि सावळा चेहरा उगाच काळवंडतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या मुक्तिदिनाच्या आजच्या सोहळ्याचे चित्र जुन्या धाटणीचे करण्याचा मोह साहजिक आहे. पण तांबड्या अंशात तिरंग्याचा केशरी पट्टा पांढऱ्याशी एकरूप होऊन ध्वज दुरंगी भासतो, आणि निव्वळ हिरव्यात केशरी व हिरवा पट्टा जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून ध्वज व कुंकू असलेल्या चित्रास तिन्हींचे मिश्रणच घ्यावे, हिरव्याचा वाटा मोठा ठेवून. रंगीत मूळ प्रत पुसू नये. जुन्या चित्राची प्रत करतानाही काळे कुंकू ‘सुधारू’ नये. त्या काळच्या काचेने ते तसेच पाहिले होते.