पेटीतला मेंदू बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात एकच प्रश्न उभा राहिला: चांगला चालणारा डेस्कटॉप टाकून द्यायचा का? विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मग नुसता प्रोसेसर बदलला तर? कंपनीने बांधून दिलेल्या पेटीत हे जमतं का? मंडळी, ह्या प्रश्नाला चाळीसहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जितका तंत्राचा तितकाच धंद्याचा आहे.

सुरुवात अर्थातच आयबीएमपासून. १२ ऑगस्ट १९८१ ला आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ होता, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. शेजारी एक रिकामं सॉकेट असायचं, गणिताच्या ८०८७ ह्या जोडचिपसाठी. म्हणजे पेटी उघडून चिप बसवायची सोय पहिल्या दिवसापासून होतीच. पुढे जपानच्या एनईसीने व्ही२० काढला. ८०८८ उपटायचा, त्याच जागी हा बसवायचा, की मशीन थोडं जास्त पळायला लागतं. इंटेलला हे कसं रुचणार? आपला मायक्रोकोड उचलला असा त्यांचा दावा. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि १९८९ साली निकाल लागला: मायक्रोकोडला कॉपीराइट मिळू शकतो, पण एनईसीने नक्कल केलेली नाही.

१९९१ चा ४८६एसएक्स म्हणजे तर कमालच. सुरुवातीला हा ४८६ च होता, फक्त त्यातला गणिताचा भाग बंद करून ठेवलेला. तो भाग हवा असेल तर ४८७एसएक्स नावाची जोडचिप विकत घ्या. आता गंमत बघा, ही जोडचिप म्हणजे प्रत्यक्षात अख्खा ४८६डीएक्स होता! ती बसवली की मूळ प्रोसेसर गप्प बसायचा आणि सगळं काम हीच करायची. गिऱ्हाईक दोन प्रोसेसरचे पैसे मोजायचं, चालायचा एक.

त्यापुढच्या वर्षी इंटेलने ओव्हरड्राइव्ह ह्या नावाने खास बदलीचे प्रोसेसर विकायला काढले. बोर्ड २५ मेगाहर्ट्झवर, पण चिप आतल्या आत ५० वर, अशी युक्ती. १९९५ मध्ये तर ४८६ च्या बोर्डावर बसणारा पेंटियम ओव्हरड्राइव्ह आला, स्वतःचा पंखा घेऊन. पण बाहेरचा रस्ता जुनाच, ३२ बिटांचा. खऱ्या पेंटियमला ६४ बिटांचा असायचा. हायवेवरची गाडी गल्लीत आणल्यासारखं.

पेंटियमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 'पेंटियमचे जनक' म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीचं. १९९३ मध्ये पेंटियम आला. नंतर धाम इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली आणि १९९७ मध्ये एएमडीचा के६ बाजारात आला. तो बसायचा कुठे? पेंटियमच्याच सॉकेट ७ मध्ये! एकाच माणसाचा हात लागलेले दोन प्रतिस्पर्धी एकाच खुर्चीवर. माझ्या मते प्रोसेसर बदलणाऱ्यांसाठी तो काळ सर्वात चांगला होता.

तरीही बांधीव पेटीवाल्याच्या वाट्याला हे सुख कमीच आलं. सॉकेट जुळलं म्हणून सगळं जुळत नाही. १९९७ च्या पेंटियम एमएमएक्सला आतून २.८ व्होल्ट लागायचे आणि जुने बोर्ड ३.३ देणारे. शिवाय नवा प्रोसेसर ओळखायला बायोस अद्ययावत हवी, आणि ती देणार पेटीची कंपनी, म्हणजे तिची मर्जी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका बड्या कंपनीने पॉवर सप्लायचा कनेक्टर दिसायला प्रमाण एटीएक्ससारखाच ठेवला, पण तारांच्या जागा बदलल्या. कोणी विश्वासाने बाजारातला बोर्ड जोडला, की बोर्ड जळायची भीती. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून 'असेंबल्ड' मशीन बांधून घ्यायची पद्धत होती, तिथे ही कटकट कमी. परदेशात येऊन आपण बांधीव पेटी घेतो, वॉरंटी मिळते, आणि ही मोकळीक जाते.

मधल्या स्लॉट १ वगैरे भानगडी सोडून देऊ. आजच्या प्रश्नाचं मूळ २०१७ मध्ये आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला इंटेलची सातवी पिढी डेस्कटॉपवर आली आणि ऑक्टोबरमध्ये आठवी. दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१, संपर्कबिंदू तेवढेच, चिप बसतेही व्यवस्थित. पण काही बिंदूंची कामं बदललेली, आणि आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. त्यामुळे सातव्या पिढीच्या पेटीत फार तर आय५-७४०० काढून आय७-७७०० बसवता येतो. दोन्ही ६५ वॅटचे, पंख्यालाही झेपतो. पण विंडोज ११ च्या यादीत तोही नाही! नेमकी जिथे ही रेघ पडते, तिथेच जुन्या पेटीचा रस्ता संपतो.

एएमडीचं एएम४ सॉकेट मात्र टिकलं. २०१७ च्या बोर्डांना २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेचा पाठिंबा मिळाला. अर्थात पेटीच्या कंपनीने बायोस दिली तर. आणि काही कार्यालयीन पेट्यांत एएमडीचा प्रोसेसर त्या कंपनीच्या फर्मवेअरशी कायमचा जखडलेला असतो. सेकंडहँड घेताना हे विचारूनच घ्या, कारण तसा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालत नाही.

सातव्या पिढीची पेटी घरात असेल तर प्रोसेसरवर पैसे घालू नका, असंच मी म्हणेन. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, रॅम १६ जीबी करा आणि वर लिनक्स. आमच्याकडे अशीच एक आहे. मुलांचा अभ्यास आणि आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल, दोन्ही त्यावरच होतं.